इनटेक-आउटपुट

पहाटेचे चार. सात नंबरच्या तांबोळीकाकांची पिशवी
डोळ्यांच्या पातळीला धरते, तीनशे वीस,
आणि तक्त्यात लिहिते: बाहेर.
सलाइन पाचशे, अर्धा कप चहा, गोळीबरोबरचं पाणी: आत.
तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला
पेन्सिलीनं माझा हिशोब आहे.

शलाका, तुझा मेसेज साडेअकराचा:
शुक्रवारी फॉर्मची शेवटची तारीख, करू का मी पण नर्सिंग?
खाली टोपीवाल्या नर्सचं चित्र.
टोपी आता कुणी घालत नाही गं.

चार लाख वीस हजार, चार वर्षांत चार वेळा,
सिडकोतल्या बँकेतून. सही करून पप्पा
मॅनेजरचंच पेन खिशाला लावून घरी आले होते, आठवतं?
दुसऱ्या दिवशी सातपूरहून हाफ डे टाकून परत द्यायला गेले.
शिकत होते तोवर हप्ता नव्हता.
व्याज होतं. मी दोनशे सहा हाडं पाठ करत होते
तेव्हा ते शेजारच्या खाटेवर पडून
जाड होत होतं.
पास झाले, वर एक वर्ष गेलं,
तोवर पाच लाख चौऱ्याहत्तर.

पगार हातात साडेसोळा.
हप्ता सात हजार सातशे पन्नास, पाच तारखेला, पगार सातला.
मधले दोन दिवस मी बँकेचा नंबर उचलत नाही.
खोली तिघींत, अठ्ठावीसशे. डबा सव्वीसशे.
उरतं त्याला आम्ही खोलीत 'सुट्टे' म्हणतो.
असे एकशे वीस महिने. सव्वीस झाले.

विमलमावशी शिकली मिशनच्या दवाखान्यात,
सत्तर रुपये महिना हातात, वर जेवण आणि प्रार्थना.
परवा शरणपूरला गेले तर म्हणाली,
"पैसे भरून बेडपॅन उचलता तुम्ही?"
आणि इतकी हसली की चहा सांडला.
मीही हसले. मग दोघी गप्प.

कॅनडा कॉर्नरला जर्मन शिकवतात, माहीत असेलच.
आमच्यातली जोत्स्ना जाते, ड्यूटी संपवून, पेंगत.
सिरिंजला काय म्हणतात ते तिला येतं,
'मी दमले' अजून शिकवलेलं नाही.
तिची मूळ प्रमाणपत्रं दोन वर्षांच्या बॉन्डपायी
इथल्याच कपाटात, किल्ली एचआरकडे.

काकांच्या फाइलला बिल टाचलंय, मी पाहिलं.
नर्सिंग चार्जेस, एका दिवसाचे बाराशे.
माझ्याकडे खाटा सहा.
गुणाकार तू कर, तुझं गणित चांगलं आहे.

हेही लिहायला हवं, कुठल्या रकान्यात ते कळत नाही:
फेब्रुवारीत सिटीलिंकमध्ये, द्वारकेच्या आधी,
एका माणसाला फिट आली. लोक त्याला कांदा हुंगवत होते.
मी म्हटलं, मी नर्स आहे,
आणि भरलेली बस बाजूला झाली.
त्याला कुशीवर वळवलं, घड्याळ बघत बसले, दोन मिनिटं दहा सेकंद.
शुद्धीवर येऊन त्यानं आधी आपली चप्पल शोधली.
या गडबडीत माझं तिकीट काढायचं राहिलं.
पंधरा रुपये. तेवढे मात्र लिहिलेत: आत.

तुला वाटेल, ताईचं शेवटी शिल्लक किती ते सांग ना.
आमच्या तक्त्यात शिल्लक राहिली
तर पाय सुजतात, शलाका,
बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो.
गेलं तेवढं यावं, आलं तेवढं जावं,
एवढंच शिकवलंय आम्हाला,
आणि बँकेला हे शिकवलेलं नाही.

सरकारी कॉलेजांची यादी आधी लागू दे.
तिथं नाव आलं तर विचारू नकोस, जा.
नाही आलं तर फोन कर. दुपारी तीननंतर,
मी झोपून उठलेली असते तेव्हा.
आत्ता विचारशील तर मी हो म्हणेन,
पहाटे चारला मी सगळ्यांनाच हो म्हणते.

आठला राऊंड. डॉक्टर तक्ता उलटून बघतात कधीकधी.
खोडरबर नाही. स्पिरिटचा बोळा फिरवते मागून,
आकडे पुसत नाहीत,
नुसते पसरतात.